चंद्रावर न्यायचं सोनं

"ठिणगी, अगं असं काय करतेस? आजच बरी रुसलीस!" यंत्राच्या झाकणावर हात ठेवून कस्तुरी विनवत होती.

ठिणगी म्हणजे सावंतवाडीत लाकडी खेळणी घडवणाऱ्या चितारींच्या, म्हणजे कस्तुरीच्या बाबांच्या, कारखान्यातलं लेसरयंत्र. (लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एका तालात, एकाच दिशेने निघालेला उजेड.) यंत्र होतं बोलकं, आणि लाकडावर नक्षी कोरण्यात त्याचा हात धरणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

आज दसरा. कस्तुरीची जिवलग मैत्रीण रोझी संध्याकाळच्या गाडीने निघणार होती. आणि पुढे यानाने कुठे, तर थेट चंद्रावर! तिच्या आईला तिथल्या वसाहतीत नोकरी लागली होती. पण रोझी म्हणजे मुलखाची लाजाळू. "तिथल्या शाळेत माझ्याशी कोण बोलणार गं?" म्हणून ती रोज रडायची. मग कस्तुरीला युक्ती सुचली. रोझीने तिथल्या प्रत्येक मुलाला सोनं वाटायचं! सोनं द्यायचं म्हणजे समोर जावं लागतं, चार शब्द बोलावे लागतात. पण यानात हिरवं पान न्यायला बंदी, किडे-जंतू जातील म्हणून. तेव्हा बाबांनी पांगाऱ्याच्या लाकडाची इवली इवली आपट्याची पानं कापून दिली, दोरा ओवून गळ्यात घालायला. त्यांच्यावरच्या शिरा तेवढ्या ठिणगीने कोरायच्या होत्या.

परवा नमुन्याचं पान कोरलं, तेव्हा शिरा केसासारख्या बारीक उमटल्या होत्या. आणि आज? साच्यात ओळीने मांडलेली पहिली खेप बाहेर आली ती सगळी पुसट आणि पसरट. पान कसलं, चहाचा डागच वाटावा! कस्तुरी म्हणाली, "जोर वाढव." दुसरी खेप काळवंडली, पण रेघ काही बारीक होईना.

"मी मन लावूनच करतेय गं," ठिणगी हिरमुसून म्हणाली. "आणखी जोर लावू?"

"खबरदार!" दारातून आवाज आला. ही हेमाआत्या, बाबांची थोरली बहीण. प्रकाशाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ, दसऱ्याला माहेरी आलेली. तिने काळवंडलेलं पान उचलून पाहिलं. "जोर कमी पडत नाहीये, बाळा. जोर विखुरतोय. चल अंगणात."

अंगणात कडकडीत ऊन होतं. आत्याने एका वाळक्या पानावर भिंग धरलं आणि ते हळूहळू वर-खाली केलं. उजेडाचा मोठा गोल आकसत आकसत मोहरीएवढा झाला, आणि तिथून धूर निघाला.

"ऊन तेच," आत्या म्हणाली, "पण एकवटलं म्हणून चटका बसला. या ठिपक्याला नाभी म्हणतात (भिंगातून आलेले किरण जिथे एकत्र जमतात ती जागा). ठिणगीच्या पोटातही भिंग आहे. तिची नाभी लाकडावर पडली, की नेमकं तेवढंच लाकूड जळतं आणि रेघ उमटते. आता हे बघ."

तिने आपल्या तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवलं आणि ते भिंगावर पुसलं. ठिपका फिसकटला. धूर बंद.

"मग ठिणगीच्या भिंगावर काय बसलं असेल?"

कस्तुरीचा चेहरा पडला. काल खंडेनवमी (अवजारांची पूजा करायचा दिवस). बाबांनी पटाशी पुजली, करवत पुजली. बिचारी ठिणगीच राहिली, म्हणून कस्तुरीने गुपचूप झाकण उघडून तिला धूप दाखवला होता. अगदी आत हात घालून, चांगला बराच वेळ.

"मीच तिचं वाटोळं केलं!" तिला रडूच कोसळलं.

"वेडाबाई!" आत्याने तिला जवळ घेतलं. "धुपात राळ असते. धुराबरोबर ती भिंगावर जाऊन बसली. तू माया केलीस, ती जरा जास्तच आत शिरली, एवढंच. जोर वाढवत राहिली असतीस, तर मात्र राळ तापून भिंग तडकलं असतं. पुढच्या वर्षी धूप बाहेरूनच दाखव हो."

"मला आवडला होता धूप," ठिणगी हळूच म्हणाली. कस्तुरी रडता रडता हसली.

ठिणगीला बंद करून आत्याने भिंग बाहेर काढलं आणि मऊ कापड स्पिरिटमध्ये भिजवून कस्तुरीच्या हातात दिलं. पुसल्यावर कापड पिवळं झालं. मग बिघडलेली सगळी पानं उलटी करून साच्यात मांडली, आणि कोऱ्या बाजूवर शिरा उमटल्या. अगदी केसासारख्या!

गाडी सुटायच्या आधी कस्तुरीने पानांची पिशवी रोझीच्या हातात दिली. "आता म्हणून दाखव."

रोझी पायांकडे बघत पुटपुटली, "सोनं घे, सोन्यासारखी राहा."

"मोठ्यानं! आणि नाव विचार."

"सोनं घे, सोन्यासारखी राहा!" रोझी डोळे पुसत म्हणाली. "तुझं नाव काय?"

"कस्तुरी," कस्तुरी म्हणाली, आणि पहिलं पान तिनेच गळ्यात घालून घेतलं.

गाडी गेली. माथ्यावर दशमीचा चंद्र दिसू लागला होता.

"किती लांब गं आत्या!" कस्तुरी चंद्राकडे बघत म्हणाली.

"लांब खरा. पण माणसाने तिथे आरसे ठेवलेत. इथून लेसर सोडला, की तो त्यांच्यावर आपटून परत येतो. तुमच्या गप्पाही अशाच उजेडावरून जातील."

"वेळ किती लागेल?"

"हाक मारून बघ तिला."

"रोऽऽझी!"

"ही हाक उजेडावरून गेली असती," आत्या म्हणाली, "तर एवढ्यात पोचलीसुद्धा असती."