थांबलेली ओढणी

हे खरं घडलं आहे. सांगावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. मी नेरच्या एका वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस. वाचलेलं आणि पाहिलेलं माझ्या डोक्यात मिसळलं असेल, असंही वाटलं.

पण त्या रात्री माझा मित्र धावजी सोबत होता.

गेल्या पौषातली अमावास्या. दारव्ह्याच्या रस्त्याला धावजीचा तांडा आहे. त्यामागे एक बोडका डोंगर.

माझी नात सुरभी नागपूरहून आली होती. तिला चांदण्यांखालचा डोंगर टिपायचा होता. तिची आई, माझी मुलगी वर्षा, फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, तिले एकटी सोडू नका."

मी हो म्हटलं होतं.

तुरीच्या बांधावर सुरभीने तिपाईवर कॅमेरा लावला.

"आबा, शटर चार मिनिटं उघडं राहील. तोवर बॅटरी लावायची नाही. मी त्या समोरच्या खडकावर उभी राहते. तुम्ही फक्त बटण दाबा."

"अंधाराचा फोटो काढून राह्यली पोरगी," धावजी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत हसला. "आमचा तं आधार कार्डावर उजेडातही येत नाही!"

पहिल्या फोटोत डोंगर छान आला. चांदण्या फिरल्याच्या रेघा आल्या. खडकावर सुरभी मात्र धुरासारखी पुसट.

"श्वास घेतला तरी माणूस हलतो, आबा. त्यात ही ओढणी. पुन्हा उभी राहते. या वेळी अजिबात हलणार नाही."

ती गेली. मी बटण दाबलं.

आधी रातकिडे थांबले...

मग तांड्यावरची कुत्री.

तुरीच्या वाळल्या शेंगा तेवढ्या खुळखुळत होत्या.

मग त्याही थांबल्या...

गालाला वारा लागत होता. शेंगांचा आवाज मात्र नव्हता.

हाक मारावीशी वाटली. पण मी उगाच घाबरतोय, तिचा फोटो बिघडेल, म्हणून गप्प बसलो.

कॅमेऱ्याचा खटका वाजला. फोटो झाला.

सुरभी आली नाही.

"सुरू..."

मी दोन पावलं पुढे गेलो.

"सुरू, ये बेटा, झालं!"

धावजी उठला. "भाऊ, तुमी इथंच बसा." बॅटरी पेटवून तो धावत गेला. उजेड खडकावर पडला. ती तशीच उभी होती. त्याने दोनदा हाक मारली. मग हात धरून तिला खाली आणलं.

तिचा हात माठासारखा गार होता.

"एवढ्यात कायले बोलावलं?" ती म्हणाली. "आत्ताच तर उभी राहिले. आणि धावजीमामा, तुम्ही बाजूला येऊन उभे राहिलात, म्हणून जमलं मला. तुम्ही जसे उभे होतात, तशीच मी उभी राहिले."

धावजीने माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, मी तं तुह्या आबाजवळ बसून होतो."

आम्ही फोटो पाहिला.

चांदण्यांच्या रेघा होत्या. म्हणजे चार मिनिटं गेलीच होती.

पण सुरभी लख्ख आली होती. केसांची बट नि बट. वाऱ्यावर उडालेली ओढणी हवेत...

तिथंच थांबलेली.

आणि तिच्या शेजारी एक माणूस. तोही तितकाच स्वच्छ. तो कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता.

सुरभीकडे पाहत होता.

ती अजून आमच्याकडेच आहे. नागपूरचं नाव काढत नाही. खिडकीशी बसली की बसूनच राहते. वर्षाचा फोन आला की मी "बरी आहे" म्हणतो.

रात्री दारात उभा राहून मी तिच्या पांघरुणाकडे बघतो. ते वर-खाली होतं... असं वाटतं. पण माझ्या वाटण्याचा भरवसा मला कधीच नव्हता.

म्हणून काल रात्री धावजीला बोलावलं.

तो दारातून बराच वेळ बघत राहिला. मग चपला घालू लागला.

"पांघरूण हलतं ना रे?" मी विचारलं.

"भाऊ," तो मान खाली घालून म्हणाला, "वर्षाताईले बोलावून घ्या."

फोन हातात घेऊन बसलो आहे. तिला काय सांगू, तेच सुचत नाही.