उजव्या हातात उजवा

एकोणसत्तर सालच्या त्या सकाळी, बुलडाण्याच्या एस.टी. स्टँडवर एका माणसाने आपली पत्र्याची ट्रंक नेमकी चांगुणाच्या टोपलीवर ठेवली. आत कर्रर्र... असा आवाज झाला, आणि चांगुणा ओरडली.

"अहो! काय करून राह्यले तुमी? उचला ते!"

त्याने घाईघाईने ट्रंक उचलली. टोपलीत दोन वेडेवाकडे गोळे होते, तारेत ओवलेल्या ज्वारीच्या धांड्यांच्या तुकड्यांचे. एक धड होता. दुसऱ्याचा पार चेंदामेंदा झाला होता.

"लेकराचं खेळणं हाये का?" त्याने भीत भीत विचारलं.

"रक्तातल्या प्रथिनाचा नमुना हाये! त्याचे दोन अर्धे भाग, दोन्ही सारखे, एकमेकात बसणारे." तिचे डोळे भरून आले. "उद्या कॉलेजात प्रदर्शन हाये. पह्यला नंबर आला तर बाबा मले नागपूरले एम.एस्सी.ले पाठवणार. नाई तर... दिवाळीत लगन."

तो सहदेव. रोहिणखेडहून हायस्कुलात रुजू व्हायला आलेला चित्रकलेचा नवा मास्तर. रडणाऱ्या मुलीसमोर काय करावं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पण हात त्याचा चांगला होता.

"मी धड गोळ्यावरून दुसरा बनवून देतो," तो म्हणाला. "आजच देतो."

चांगुणा आत्याकडे राहायची. तिथल्या ओसरीवर दोघं समोरासमोर बसले, आणि आशाआत्या तुरीची डाळ निवडायला मध्येच येऊन बसली. नजर अर्थातच डाळीवर नव्हती. सहदेवने धड गोळ्याचं चित्र काढलं, कागद दुमडला, आणि दुमडीपलीकडे उमटलेलं चित्र पाहून तार वळवायला घेतली. बोटं कशी भराभर चालत होती! चांगुणा धांडे सोलून देत होती, आणि देता देता त्याच्या कपाळावरच्या बटेकडे पाहत होती. भलतंच काहीतरी होत होतं... आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं.

गोळा झाला, देखणा झाला. पण दोन्ही गोळे एकमेकांना लावले तर बसेनात! टोकावर टोक आदळत होतं, खाचेसमोर खाच येत होती.

"असं काऊन?" सहदेवचा चेहरा उतरला. "फूल तर मी असंच काढतो. अर्धं काढायचं, कागद दुमडायचा, दुसरं अर्धं आपोआप!"

चांगुणाने दोन्ही गोळे शेजारी धरून पाहिले. मग हळूच म्हणाली, "तुमी आरशातला केला, मास्तर. मले फिरवलेला पायजे. हात... करा पुढं."

"काय?"

"हात हो!"

त्याने डावा पुढे केला.

"डावा नाई. उजवा."

उजवा आला. तिने तो आपल्या उजव्या हातात घेतला. अगदी नीट बसला.

"पाह्यलं? दोन्ही उजवेच. एकाले अर्धा फेरा देला का झाला दुसरा. म्हणून तर बसते."

समजावून झालं होतं. हात मात्र कोणीच सोडला नाही. आत्या खाकरली, तेव्हा कुठे सुटला.

"आता समोर नका बसू," चांगुणा जमिनीकडे पाहत म्हणाली. "माह्या बाजूनं या. म्हणजे तुमाले माह्यासारखंच दिसन."

तो बाजूला येऊन बसला. दिवेलागणीला धड गोळ्यासारखाच नवा गोळा तयार झाला. चांगुणाने तो अर्धा फेरा फिरवला, पहिल्याला लावला... आणि टोक अलगद खाचेत गेलं. हुश्श! तिने डोळे मिटून घेतले. सहदेवच्या कपाळावर घाम होता आणि तो वेड्यासारखा हसत होता.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर आला. तिचे वडील वामनराव धाडहून आले होते. दोन्ही गोळे निरखत ते म्हणाले, "मले काई समजलं नाई, पोरी. पण शब्द देला म्हणजे देला. जाय नागपूरले."

चांगुणाच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. वडील समोरच्या हॉटेलात चहाला गेले, तशी ती कॉलेजच्या फाटकाशी आली. सहदेव तिथे उभा होता. निरोपासाठी त्याने हात पुढे केला — डावा.

"पुन्हा डावाच?"

"एकदा शिकवून ध्यानात राहत नाई माह्या."

ती खुदकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "मले तुमी आवडता, मास्तर. पण दोन वर्सं मी नागपूरले. थांबान?"

"थांबतो," तो म्हणाला. "तुमच्याच बाजूनं."

चांगुणाने त्याचा डावा हात खाली केला, आणि उजवा धरला.