बुआला सरळ झाली तेव्हा

तोई, तो मोबाईल खाली ठेव. दिवाही बारीक कर, किडे येतायत. भुताची गोष्ट सांगा म्हणून मघापासून माझं डोकं खाल्लंत आणि आता सुरुवात व्हायच्या आधीच एकमेकांना चिकटून बसलात, शाबास! भूतबीत मला ठाऊक नाही. खामफनचं काय झालं तेवढं ठाऊक आहे. तळ्यापलीकडचं ते घर त्याचंच. नवराबायको अजून राहतात तिथं, म्हणून जरा हळू बोलतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भिक्खूंचं पावसाळी व्रत सुटायच्या आधीचा दिवस, शनिवार. संध्याकाळी खामफननं पिकअप काढली आणि उबोनच्या रस्त्याला लागला. काम साधंच. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून बायकोचा ख्वान, म्हणजे अंगातून निसटलेला तिचा जीव, आणायचा होता. शेजारच्या सीटवर मासे उपसायची दांड्याची जाळी, जाळीत बायकोचं नेसूचं, चिकट भाताचा मुटका आणि एक उकडलेलं अंडं.

बायको म्हणजे बुआला. तुम्ही तिला आता ताठ चालताना बघता, पण आधी ती कमरेतून पार वाकलेली होती. मणके झिजून आधी एका अंगाला कलले, मग पुढे. एक हात मांडीवर टेकवून, दम खात चालायची. समोरचा माणूस ती पायांवरून ओळखायची. मला म्हणायची, "थोंगभाऊजी, नव्या चपला? कोणाला दाखवायच्यात?" दुखणं एवढं, पण तोंड बंद नाही.

ऑपरेशनला ती घाबरत होती. खामफन मागे लागला. "एकदा मान वर करून माझं थोबाड बघ तरी," म्हणायचा. ती म्हणायची, "त्यासाठी एवढा खर्च? लग्नात बघितलं होतं की!" पण शेवटी झाली तयार. डॉक्टरीणबाई भली. तिनं चित्र काढून सगळं समजावलं. पाठ उघडायची, मणक्यामणक्यात दोन्ही बाजूंनी स्क्रू, त्यांना जोडून दोन सळ्या. खाली त्या सळ्या कमरेच्या हाडात लांब स्क्रूंनी जखडायच्या, नाहीतर उपटून येतात. सळ्या वर संपतात तिथं कणा नव्यानं वाकू नये म्हणून वरचा मणका घट्ट पट्टीनं बांधून टाकायचा. सगळं तसंच झालं. अगदी नीट झालं.

बुआला घरी आली तेव्हा खामफनपेक्षा बोटभर उंच होती. आम्ही सगळे हसलो. ती नाही हसली. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परक्या माणसाकडे बघावं तशी नजर फिरवली. जेवण तोंडाला लावेना. अंग गार पडायला लागलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडेना. कोणी हाक मारली की एवढंच म्हणायची, "मी अजून तिकडेच आहे."

खामफन माझ्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, "मी तिला हसतीखेळती नेली आणि हे काय घेऊन आलो रे?"

मग बुआलाची म्हातारी मावशी आली. तिनं त्याला धारेवर धरलं. "अरे शहाण्या, बेशुद्ध माणसाचं अंग उघडलं की ख्वान घाबरून बाहेर पडतो, दाराशी बसून राहतो. निघताना त्याला हाक मारलीस? नाही ना? अंग तेवढं गाडीत घातलंस आणि बायकोला तिथंच विसरून आलास!" ख्वान परत आला नाही तर बुआला हे व्रत सुटलेलं बघत नाही, असंही म्हणाली. ते तर आम्हालाही दिसत होतं.

तर खामफन इस्पितळात पोचला. ऑपरेशनच्या खोल्या वरच्या मजल्यावर. जिन्याशी पहारेकऱ्यानं अडवलं, जाळी बघितली आणि हसला. "मामा, इथं मासे नाहीत." मग आवाज खाली करून म्हणाला, "मागच्या जिन्यानं जा. पटकन उरका. माझ्या आईचा मीही असाच नेलाय."

बंद दारासमोर खामफननं तीनदा जाळी फिरवली. "बुआला, चल घरी. भात शिजलाय, मासे भाजलेत. इथं नको बसू, चल." दोनदा जाळी हलकीच होती. तिसऱ्यांदा दांडा हाताला वाकला. त्यानं जाळीचं तोंड नेसूच्यानं झाकलं, उराशी धरून खाली आणली आणि सीटवर ठेवली. निघायच्या आधी त्यानं मला फोन केला. खरं सांगतो, मलाही फोनवर त्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. मी तेव्हा त्याच्याच घरी होतो. मावशी, शेजारच्या बायका, मधोमध बुआला निजलेली.

गाव जवळ आलं. भातशेतं लागली. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. आणि शेजारच्या सीटवरून आवाज आला.

"पाठ दुखते रे."

तोच आवाज. दम लागलेला. छाती दबलेल्या माणसाचा. ऑपरेशनच्या आधीचा.

ख्वान आणताना वाटेत बोलायचं नसतं. त्यानं नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"खामफन... त्या सळ्या काढल्या का?"

त्यानं वेग वाढवला.

"नाही ना काढल्या?... मग मी मावणार कशी?"

त्यानं करकचून ब्रेक मारला. पलीकडचं दार उघडलं. आपोआप. गाडीच्या दिव्यांत कोणीतरी उतरून पुढे गेलं. कमरेतून वाकलेलं. एक हात मांडीवर. हळूहळू. घराच्या दिशेनं.

तेव्हा त्यानं मला पुन्हा फोन लावला.

"थोंग, ती उतरली."

"कोण?"

"बुआला."

"अरे, बुआला इथं माझ्यासमोर निजलीय."

"इथं माझ्यासमोर चालतेय."

तो गाडी तिच्या मागे मागे, तिच्याच चालीनं आणत होता. पुढे काढता येईना. हॉर्न वाजवला तरी मागे वळेना. मध्येच दम खायला थांबायची. तो थांबायचा. पुन्हा चालायची.

"मी काय करू रे?" तो म्हणाला. "आत घेतली तर तिला जागा नाही. नाही घेतली तर... थोंग, तू सांग. मला काही सुचत नाही. तू सांग!"

मी काय सांगणार? मी बुआलाच्या नाकाशी हात धरला. श्वास होता की नव्हता, देव जाणे. तिची बोटं बर्फासारखी. मावशीला म्हटलं, मावशी, जी येतेय ती जुनी आहे, वाकलेली आहे. म्हातारीनं बुआलाचं मनगट घट्ट धरलं.

मग कुत्री भुंकायची थांबली.

जिन्याच्या खालच्या पायरीची फळी वाजली.

थांबली... दम खाल्ला.

दुसरी पायरी.

बुआलाचा श्वास सुटला आणि परत आलाच नाही.

"आली का?" मावशी दाराकडे तोंड करून ओरडली. तिला दुसरं काय करता येणार होतं? आणि ख्वान दाराशी आला की रीत असते तसं आम्ही सगळ्यांनी रडत रडत उत्तर दिलं, "आली!"

बुआलानं डोळे उघडले. पहिल्यांदा माझ्या पायांकडे पाहिलं. "थोंगभाऊजी... आज अनवाणी?"

अरे, काय सांगू! बायका हसतायत, रडतायत, ख्वान पुन्हा सुटू नये म्हणून तिच्या मनगटाला धागे बांधतायत. खामफन धावत वर आला, तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "म्हातारा झालास की रे." आमचीच होती. तिनं भात खाल्ला. दोनदा मागून घेतला.

मग तिच्या पाठीतून आवाज आला. ओला बांबू पिळावा तसा. एकदाच.

"मावशी," ती म्हणाली, "आत जागा नाही गं."

त्या दिवसापासून ती दिवसभर हसतबोलत असते. अंधार पडला की कण्हायला लागते. खामफन रात्ररात्र तिची पाठ चोळतो. चोळून काय होणार? पण दुसरं काही त्याच्या हातात नाही. हसू नकोस गं मै, तू वाऱ्याचा आवाज समजून झोपतेस ना, तो वारा नाही.

पुढच्या महिन्यात मीच त्यांना इस्पितळात नेलं. भिंतीएवढ्या पाटीसमोर बाजूनं उभं करून पाठीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर लावला आणि बाई, खामफन आणि मी बघत राहिलो.

सळ्या होत्या. स्क्रू होते. ताठ कणा होता. आणि सळ्यांच्या आत, दबलेला, फिकट, आणखी एक कणा होता. वाकलेला. त्यात एकही स्क्रू नव्हता.

"हलल्या असतील," बाई म्हणाल्या. "श्वास रोखून उभ्या राहा हं, आजी." पुन्हा काढला.

दुसऱ्या फोटोतही तो होता. पहिल्यापेक्षा जास्त वाकलेला.

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. बाहेर बाकावर बुआला कोणाच्या तरी पोराची थट्टा करत होती, ते ऐकू येत होतं. मग बाईंनी एकेक स्क्रूवर बोट ठेवून पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

एकही ढिला नव्हता.