बोथट गळ

"गोड बोलणारा आला, नाव-गाव पूस बाई,
कडीला लावाया हात, एवढी का गं तुला घाई?"

लहानपणी तिची वेणी घालता घालता आत्या हे गुणगुणायची. आत्या गेली, ते घरही सुटलं. आवाज मात्र तिच्या कानाशी राहिला. म्हणूनच की काय, चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या त्या कारखान्यात ग्राहकांची मेलपेटी तिच्या हवाली होती. खोटा मेल आला रे आला, की ती तो तांदळातल्या खड्यासारखा बाजूला काढायची. सगळे तिला ‘चाळण’च म्हणत.

तो पहिल्यांदा तिच्या ऑफिसच्या दारात आला तो हसतच.

"मी नवा सुरक्षावाला. तुमचा कॉम्प्युटर बघायचा होता."

"कशावरून?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो सुरक्षावाला तुम्हीच, हे कशावरून?"

ओळखपत्र पाहून, साहेबांना फोन करून खात्री पटेपर्यंत तिने त्याला दारातच तिष्ठत ठेवलं. तो रागावला नाही. खिडकीत ठेवलेल्या नमुन्याच्या काचांमधून आलेलं ऊन त्याच्या सदऱ्यावर थेंबाथेंबाने थरथरत होतं.

"उद्या कुणी माझे सासरे झालेच, तर तेसुद्धा एवढी चौकशी करणार नाहीत," तो म्हणाला.

"त्यांचं ते बघतील. मला माझी मेलपेटी सांभाळायचीय!"

बोलली खरी... पण कानाच्या पाळ्या का तापल्या, ते तिलाच कळेना.

त्याचं एक काम मोठं गमतीचं होतं. अधूनमधून तो स्वतःच सगळ्यांना खोटे मेल पाठवायचा. त्यातल्या लिंकवर जो बोट दाबेल, त्याने दुपारी त्याच्या वर्गात बसायचं. ‘आज गळ टाकलाय हं,’ लोक कुजबुजत.

तिच्या पेटीत पहिला गळ पडला : ‘तुमचं खातं बंद होत आहे, ताबडतोब इथे दाबा.’ तिने तो पापणी लवायच्या आत ओळखला. पण फसलेल्यांच्या शेजारी तो खुर्ची ओढून बसतो, असं तिने ऐकलं होतं. बोट घसरलं... की तिने घसरू दिलं?

"पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता बघायचा," तो शेजारी बसून हळू आवाजात सांगत होता. "पासवर्ड मागणाऱ्याला उत्तरच द्यायचं नाही. आणि जो घाई करतो, तो आपला नसतो."

"आणि जो घाईच करत नाही तो?"

तो अडखळला. "ते... मी वर्गाच्या पुढच्या भागात शिकवतो."

पुढचा भाग हवा, तर पुन्हा फसायला हवं. ती फसली. परत फसली. "चाळणीला भोकं असायचीच, पण एवढं मोठं?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसून म्हणाली.

मग एका दुपारी तो आला, तेव्हा हसत नव्हता.

"साहेब मेलपेटी तुमच्याकडून काढून घेणार आहेत. माझ्यासमोर हे मेल निवडून दाखवा. जमलं तर पेटी तुमचीच."

"आणि वर्ग?"

"मग वर्ग कशाला लागतोय?"

तिने पडद्याकडे पाहिलं. एकदाच चुकलं, की ती खुर्ची शेजारी राहणार होती. पण त्या पेटीत किती जणांचे पत्ते, किती जणांच्या डोळ्यांचे नंबर! तिच्या भरवशावर ठेवलेले. तिने मान खाली घातली आणि चाळायला घेतलं.

"खरा. खोटा, पत्त्यात एक अक्षर जास्त आहे. खरा. हा खोटा, आणि हा तर तुम्हीच लिहिलाय."

"कशावरून?" आता विचारायची पाळी त्याची होती.

"‘कृपया सावकाश वाचून मगच दाबा’ असं कुठला चोर लिहितो हो?"

तो लाजला. चांगला मोठा गडी, पण मानेपर्यंत लाल झाला.

"तुम्ही फसू नये म्हणून गळ बोथट करत गेलो. दर वेळी जास्तच बोथट. शेवटचा तर लहान मुलानेही ओळखला असता. तरी तुम्ही दाबलंत! पेटी जायची वेळ आली, तरी... का?"

पंखा घरघरत होता. उन्हाचे थेंब त्याच्या सदऱ्यावर आले होते, तसेच, पहिल्या दिवसासारखे. आत्या, तिने मनात म्हटलं, नाव पुसलं, गाव पुसलं, साहेबांनाही पुसून झालं. आता कडी काढली, तर घाई म्हणशील का गं?

"गळ मला सगळे कळले," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून. मला... गळ टाकणाऱ्याच्या शेजारी बसायचं होतं."