उताणं कर की, अक्का

ही गोष्ट मी रचलेली नाही. कुणाला खोटी वाटली तर वाटो. माझ्या हातांना ते वजन अजून आठवतं.

येळवसेचा दिवस होता. बिदर. भर दुपार.

आमच्याकडे येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, घरात कुणी थांबत नाही. मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील घेऊन सगळे शेताला जातात. गल्ल्या ओस पडतात.

मी रूपा, हुलसूरची. तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. चन्नव्वा अक्कांच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली होती. दुसऱ्या दिवशी शरीररचनेची तोंडी परीक्षा, म्हणून गावी गेले नाही.

आईचा फोन आला. मागं शेतात सगळ्यांचा गलका.

"जेवलीस का ग?"

"व्हय."

जेवले नव्हते.

फोन ठेवला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

चन्नव्वा अक्काही शेताला गेलेल्या. शेजारच्या खोलीला कुलूप. रस्त्यावर रिक्षा नाही, कुकरची शिट्टी नाही... कुत्रंसुद्धा नाही.

मी वाकळ गुंडाळून जमिनीवर लांबट ठेवली. डोक्याच्या जागी उशी. हा माझा पेशंट. मग मोठ्यानं पाठ करायला लागले. तेवढीच आवाजाची सोबत.

"अँटेरियर, पुढची बाजू. पोस्टेरियर, मागची. सुपाइन, उताणा. प्रोन, पालथा."

मॅडमनी बजावलं होतं, डावं-उजवं नेहमी पेशंटचं सांगायचं. आपलं नाही.

पेशंट पालथा आहे असं धरलं. पायाशी उभी राहिले. माझ्या उजवीकडच्या बाजूला हात ठेवून म्हणाले, "लेफ्ट."

"उजवा हाय तो..."

बाप्याचा आवाज. दबका. भिंतीपलीकडून यावा तसा.

मी बाहेर जाऊन पाहिलं. शेजारच्या दाराचं कुलूप तसंच होतं. अंगणात कुणी नाही.

परत येऊन वाकळीकडे पाहिलं. चूक माझीच होती. पालथ्या माणसाचा तो उजवाच.

"कोण हाय?" मी विचारलं.

भिंतीला कान लावला.

मग...

"पालथा पडलोय, अक्का. तोंडात माती जायलीय."

आवाज भिंतीतून नव्हता.

खालून होता. उशीतून.

पळायला हवं होतं. पळाले नाही. आणि खरं सांगू? त्या आवाजात भिववण्यासारखं काही नव्हतं. ज्याला फार दिवसांत कुणी हाक मारली नाही, अशा माणसाचा तो आवाज होता.

"उताणं कर की, अक्का."

मी गुडघ्यावर बसले. कॉलेजात शिकवलं होतं तसं केलं. एक हात खांद्याला, एक कमरेला. आपल्याकडे वळवायचं.

वाकळ हलली नाही.

जड होती. माणूस असतो तेवढी.

सगळा जोर लावला... आणि ती वळली.

एक लांब श्वास सुटला.

माझा नव्हता.

मग काहीच नाही. हाताखाली नुसती वाकळ. हलकी.

दिवस मावळायला चन्नव्वा अक्का आल्या. मी पायरीवर बसून होते. माझ्यासाठी आंबील आणली होती त्यांनी. मी सगळं सांगितलं. आधी त्या हसत होत्या. "उपाशी बसलीस, म्हणून भास झालाय," म्हणाल्या.

मग मी म्हणाले, "उताणं कर म्हणाला, अक्का."

त्यांनी हातातली चरवी खाली ठेवली.

"मग? केलीस?"

"व्हय."

"कामून केलीस ग माय..." त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "पालथं ठेवल्यालं हुतं त्याला, उठू नये म्हून."

"कुणाला? कुणी ठेवलं हुतं?"

मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं.

परीक्षा झाली त्याच दिवशी मी खोली सोडली. पुढं थोड्याच दिवसांत चन्नव्वा अक्काही लेकीकडे राहायला गेल्या. फोन केला तर उचलत नाहीत.

मी आता कलबुर्गीला नोकरी करते. त्यानं मागितलं ते मी दिलं, त्यात वाईट काय, असं स्वतःला सांगत असते.

पण उताणा झाल्यावर तो तिथंच पडून राहिला, की उठला...

ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.