चौथं तोंड

ती घरांचे नकाशे काढणारी आर्किटेक्ट. पण गेलं वर्षभर तिचा जीव एकाच घरात अडकला होता. मागच्या उन्हाळ्यात सिमेंटच्या फ्लॅटमध्ये वडिलांना दोनदा उष्माघात झाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "तिसऱ्यांदा झाला तर माझ्या हातात काही नाही." म्हणून तिने माळावर जुन्या वाळवंटी पद्धतीचं घर बांधायला काढलं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, मधोमध सावलीचा चौक, आणि वडिलांच्या खोलीवर वारा पकडून खाली सोडणारा मनोरा. नळ, गीझर, वायफाय सगळं आजचं. गारवा तेवढा पणजोबांच्या काळचा.

मनोऱ्याला चार दिशांना चार तोंडं होती. म्हातारा गवंडी म्हणाला, चौथं विटांनी बुजवायचं.

"ते आंधळंच ठेवतात."

"का पण?"

"ठेवतात. माझा बाप ठेवायचा."

बाप मध्ये आणला की बोलणंच खुंटलं, ही गवंड्यांची जुनी खोड. कॉम्प्युटरवरचं वाऱ्याचं गणित तर चारही उघडी ठेवा म्हणत होतं, आणि ती इतकी थकली होती की गवंड्याला कारण खोदून विचारायचंही त्राण नव्हतं. तिने चारही उघडी ठेवली.

वडील राहायला आले. बाहेर चव्वेचाळीस, आत सव्वीस. तिला रडूच आलं.

आठवड्याने आत एकोणीस झालं. मग चौदा. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, तरी वरून गार हवा उतरतच होती. त्या हवेला कित्येक वर्षं बंद असलेल्या पेटीतल्या कपड्यांचा वास होता. तिने थर्मामीटर बदलला. नवाही चौदाच दाखवत होता.

भर दुपारी वडील दोन रजया घेऊन पडले होते. ओठ निळसर पडलेले. दुसऱ्या खोलीत चला म्हटलं तर ऐकेनात.

"एवढ्या लांबून येतो बिचारा. आपणच उठून गेलो तर बरं दिसतं का?"

"कोण येतो, बाबा?"

वडिलांनी मनोऱ्याकडे पाहिलं. "हळू बोल. दमलाय."

तिने लगेच गवंड्याला बोलावलं. विटा आणि कालवलेली माती घेऊन तो चौथं तोंड बुजवायला बाहेरून शिडीने वर चढला. ती खाली वडिलांचे पाय चोळत बसली. वरून थापीचा आवाज येत होता.

तो मध्येच थांबला.

"ताई, तुम्ही आतून विटा लावू नका. मला जमतंय."

मनोरा वीस फूट उंच. आत पाय टेकायलाही जागा नव्हती.

"मिस्त्री, मी खाली आहे!"

मग थापी घाईघाईने चालू लागली.

शेवटची फट बुजली. ती गार हवा थांबली.

"झालं, बाबा. आता कोणी यायचं नाही."

"त्याची जायची वाटही तेवढीच होती गं," वडील म्हणाले.

आणि ते कॉटवर भिंतीकडे सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा करून. तिथली गादी हळूहळू दबत गेली.