छत्रीचे सात टाके

एकोणनव्वद सालच्या मे महिन्यातली टळटळीत दुपार. ठाण्याच्या कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिस्ट असलेली मंजुळा डबा खाऊन, नुसती पंख्याची हवा मिळेल म्हणून शेजारच्या चित्रप्रदर्शनात शिरली. छत्री मिटता मिटता समोरच्या चित्रापाशी थबकली.

"अगो बाय, हे तर वाळत घातलेले बोंबील!"

खुर्चीवरचा चित्रकार उठून उभाच राहिला. परशुराम त्याचं नाव. डोंबिवलीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. "ओळखणाऱ्या तुम्हीच पहिल्या! बाकी सगळे पाऊस म्हणतात."

"कोळीवाड्यातली आहे मी, मला काय सांगता!" मंजुळा हसली. "आणि हे शेजारचं? हे कशाचं?"

"कशाचंच नाही... ते वस्तुनिरपेक्ष. बोंबलांचं ते अमूर्त — आधी काहीतरी पाहिलं, मग गाळत गाळत एवढंच ठेवलं. ह्यात मुळात काही नव्हतंच. नुसते रंग, रेषा."

"म्हणजे एकात लपवलंय, दुसऱ्यात नाहीच?"

"अगदी बरोबर!" तो असा काही खुलला, की मंजुळाला उगाचच लाजल्यासारखं झालं.

मग पंख्याचं निमित्त रोजचंच झालं. गप्पा रंगायच्या, पण चित्रांवरून गाडी पुढे सरकेल तर शपथ! प्रदर्शनाचा शेवटचा दिवस उजाडला, तशी मंजुळा डबा तसाच ठेवून निघाली. आज हा चित्रं गुंडाळून डोंबिवलीला जाणार. ह्याच्या मनात खरंच काही आहे... की आपल्याच मनाचे खेळ?

भिंतीवर एक नवं चित्र होतं. सगळा काळा रंग, कोपऱ्यात पोपटी त्रिकोण, त्याच्या कडेने लाल फराटे. खाली चिठ्ठी — 'वस्तुनिरपेक्ष'.

"ह्यात काय आहे?"

"काही... नाही," परशुराम खाली बघत म्हणाला.

मंजुळाने फराटे मोजले. सात. मग हातातली काळी छत्री उघडली. तिला पोपटी ठिगळ होतं. घरात पोपटी दोरा नव्हता, म्हणून लाल दोऱ्यानेच घातलेले ढोबळ टाके — सात!

"मास्तर, खोटं बोलता?"

त्याचे कान लाल झाले. "टाके... पहिल्याच दिवशी मोजलेले मी."

मंजुळाने टेबलावरची पेन्सिल उचलली, चिठ्ठीवरचा शब्द खोडला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं — 'अमूर्त'.

"आता चला तलावपाळीला," उघडी छत्री त्याच्या हाती देत ती म्हणाली, "आणि जे जे गाळलंत ना, ते सगळं सांगा."